खारपाण

ॲडमिशनच्या खिडकीतल्या कारकुनाने
फॉर्मवरचा पत्ता दोनदा वाचला :
मुक्काम पोस्ट इटकी, तालुका दर्यापूर.
"दर्यापूर? मग तिकडे दर्या कुठंय?"
मागची रांग हसली. मीही हसले,
कारण उत्तर मला येत नव्हतं.

पहिल्या वर्षी भरती-ओहोटीचं कोष्टक
पाढ्यासारखं पाठ करायचे
आणि तरी मिऱ्याच्या कातळावरून
गुडघ्यापर्यंत भिजून यायचे.
देवगडची मुलं पाण्याकडे न बघता सांगायची,
अजून किती वेळ आहे ते.
मला पाण्याची एकच वेळ ठाऊक होती, नळाची :
आठ दिवसांतून एकदा, पहाटे तीनला.

मग आलं क्षारतेचं प्रॅक्टिकल.
रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब,
एक डोळा मिटून उजेडाकडे धरायचं,
निळं संपून पांढरं लागतं
तिथला आकडा वाचायचा.
हजारात पस्तीस.
सगळ्यांनी लिहिलं.
मी बोट बुडवून जिभेला लावलं.
"मिस घाटोळ, प्रयोगशाळेत काही चाखायचं नसतं."
सरांना कसं सांगणार,
आमच्याकडे पाणी आधी जिभेवर घेतात,
मग घागरीत.

या मे महिन्यात सही करून ते यंत्र घरी आणलं,
रुमालात गुंडाळून, गाडीत उशाला घेऊन.
तीन बाटल्या समुद्रही आणला.
त्यातली एक मूर्तिजापूरच्या आधीच गळली,
सलवारीवर पांढरे नकाशे सोडून.

उकर्डाजी इंगोले. वय ऐंशीच्या पुढे.
डोळे मिटून सांगतात घोट कुठल्या विहिरीचा :
मारुतीजवळची, देवकाबाईची,
की शाळेमागची ती बोअर,
जिच्या पाण्याने चहातलं दूध फाटतं
आणि तुरीची डाळ
दुपार झाली तरी हट्ट सोडत नाही.
ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आम्ही बसलो,
मधे दहा पेले.
ते म्हणाले "मचूळ". यंत्र म्हणालं दोन.
ते म्हणाले "खारं, पन बैल पेते". चार.
"तोंड वाकडं". सहा.
एकदाच आमचं जुळलं नाही.
नंतर लक्षात आलं,
काच मीच पुसली नव्हती.

मग समुद्र उघडला.
टोपणभर दिला त्यांना.
त्यांनी तोंडात फिरवला, गिळला नाही,
थुंकलाही नाही बराच वेळ.
सगळे त्यांच्या गालांकडे बघत राहिलो.
ओट्याखाली टाकून म्हणाले,
"हे इहीर कोनाची वं?"
कोनाचीच नाही आबाजी.
"मंग बरोबर. म्हनूनच उपसली नाही कोनं."

देवकाबाई उभ्याच होत्या, कडेवर नात.
"याच्यात दाय शिजन काय?"
नाही मावशी.
"मंग येवळ्या दूर कायले गेलती?"

पूर्णेच्या या गाळात मीठ आलं कुठून,
कुणी म्हणतं जुना समुद्र होता इथे,
कुणी म्हणतं नाही, नदीनेच साचवलंय.
मी अजून दुसऱ्या वर्षाला आहे.
वहीतला तो रकाना कोरा ठेवला.

उरलेला समुद्र पितळेच्या ताटात ओतून
पत्र्यावर ठेवला, सेहेचाळीस डिग्रीत.
चार वाजता बघते तर ताट धुऊन पालथं.
आईने बोटाने निपटून
सगळं वरणात टाकलं होतं :
"मीठ होतं ना? वाया कशाले घालू?"

वरण नेहमीसारखंच झालं,
जरा कडवट.
दोघींनी दोनदा वाढून घेतलं.
वहीत लिहिलं :
नमुना क्रमांक अकरा, घरी संपला.